मोडके देऊळ आणि खचलेले मन
(श्री संत तुकाराम महाराजांच्या चरित्रातील एक अध्याय)

आपल्या गावच्या श्रीविठ्ठल-रखुमाई मंदिराचा जीर्णोद्धार श्रींच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या हातभाराने पूर्ण होऊन कलशारोहणाचा मंगल सोहळा होत आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत जमाखर्च येईल, देणगीदारांची नामावली येईल, श्रमदान करणाऱ्यांचा उल्लेख येईल. ते सर्व यथायोग्यच आहे. परंतु जीर्णोद्धार हा शब्द कानी पडला की इतिहासातील एका पडक्या देवळाची आणि ते सावरणाऱ्या एका माणसाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सुमारे चारशे वर्षांपूर्वी इंद्रायणीकाठच्या देहू गावी एका माणसाने असेच एक विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त करावयास घेतले. त्या वेळी त्याच्या गाठीला पैसा नव्हता. बाजारात पत उरली नव्हती. घरातील माणसे दुष्काळाने नेली होती. चारचौघांत तोंड दाखवण्याची त्याला लाज वाटत होती. तो माणूस म्हणजे आपले तुकोबाराय.

आज आपण त्यांना जगद्गुरू म्हणतो. त्यांची पालखी दरवर्षी लाखो वारकऱ्यांसह पंढरीला जाते. त्यांचे अभंग शाळेतल्या पोरापासून विद्यापीठातल्या पंडितापर्यंत सर्वांच्या तोंडी आहेत. एवढे मोठेपण डोळ्यांपुढे असल्यामुळे आपली अशी समजूत होते की हा पुरुष जन्मतःच निर्भय असला पाहिजे, त्याला कधी स्वतःविषयी शंका आली नसेल. वस्तुस्थिती उलट आहे. आपण कोणत्याही कामाचे उरलो नाही, या भावनेने ग्रासलेला एक तरुण पांडुरंगावर भार टाकून हळूहळू कसा उभा राहिला, त्याची ही हकीकत आहे. विशेष म्हणजे ती त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. संतमंडळींच्या आग्रहावरून त्यांनी आपले पूर्ववृत्त एका अभंगात कथन केले. ही गोष्ट सांगू नये, पण तुम्ही विचारता म्हणून सांगतो, अशी संकोचाची भाषा तेथे आहे. त्या आत्मकथनाच्या आणि महिपतीबुवांनी अठराव्या शतकात लिहिलेल्या संतचरित्रांच्या आधाराने हा लेख लिहिला आहे.

घराणे व बालपण

तुकोबांच्या जन्मशकाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८, हे वर्ष सामान्यतः धरले जाते. आडनाव मोरे. घराण्यात विठ्ठलाची उपासना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा यांनी देहूत विठ्ठलाची स्थापना केली आणि देऊळ उभारले, असे परंपरा सांगते. घरी शेती होती, वाणीपणाचा व्यापार होता, सावकारी होती आणि देहूच्या पेठेची महाजनकीही याच घरात होती. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले बंधू सावजी आणि धाकटे कान्होबा. सारांश, खाऊनपिऊन सुखी आणि चार गावांत मान असलेले हे घर होते.

सावजींचे मन संसारात नसल्यामुळे प्रपंचाचा भार लहान वयातच तुकोबांवर आला. पहिली पत्नी रखुमाबाई दम्याने आजारी असे, म्हणून पुण्याच्या गुळवे घराण्यातील जिजाबाई ही दुसरी पत्नी घरात आली. हिलाच आपण आवली म्हणून ओळखतो. तुकोबा सतरा वर्षांचे झाले न झाले तोच आईवडिलांचे छत्र हरपले. पाठोपाठ वहिनी वारली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेस निघून गेले. ज्या वयात आजची मुले अजून शिक्षण घेत असतात, त्या वयात हा मुलगा एका मोठ्या घराचा कर्ता झाला होता. वडिलांनी कमावलेली पत राखणे हे सोपे काम नव्हे. बापाचे नाव मोठे असले की मुलाला आपल्या प्रत्येक चुकीची दुप्पट लाज वाटते.

दुष्काळ आणि दिवाळे

अशातच १६३० साली दख्खनवर आणि गुजरातवर महाभयंकर दुष्काळ कोसळला. त्याच वर्षी, फेब्रुवारीत, शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म झाला होता. मोगल दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने बादशहानाम्यात या दुष्काळाचे वर्णन केले आहे. भाकरीच्या बदल्यात माणूस स्वतःला विकावयास तयार होता, पण घेणारा मिळत नव्हता, असे तो लिहितो. पिठात हाडांची पूड मिसळून विकल्याची नोंदही त्याने केली आहे. माणसे गावे सोडून वाट फुटेल तिकडे निघाली. राजकीय धामधूमही याच सुमाराची, आदिलशाही फौजेने पुणे उद्ध्वस्त केले तीही याच काळातील गोष्ट.

अशा वेळी सावकाराची काय अवस्था होणार? दिलेले कर्ज वसूल होत नाही, कारण कुळांच्याच घरात दाणा नाही. दुकानात माल नाही, आणि असला तरी विकत घेणारा नाही. तुकोबांचा धंदा बसला, जनावरे गेली, दिवाळे निघाले. रखुमाबाई अन्नान्न करीत वारली आणि थोरला मुलगा संतोबाही गेला. ज्याच्या घरातून कालपर्यंत गावाला धान्य उसने मिळे, त्याच्या घरातील माणूस उपासाने मरतो, यापरती मानहानी ती कोणती?

दुष्काळाने द्रव्य नेले आणि त्याबरोबर मानही नेला, हे तुकोबांनी आत्मकथनात स्पष्ट सांगितले आहे. आपल्याला लाज वाटली, दुःखाने जीव त्रासला, व्यवसाय पाहावा तर त्यात तूटच येत गेली, असे ते म्हणतात. वाचकहो, लाज हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. भूक सोसवते, गरिबीही सोसवते. परंतु लोक आपल्याला काय म्हणतील, आपण कुचकामी ठरलो, ही बोच माणसाला आतून पोखरते. पुढेही त्यांनी धंदा सावरण्याचा यत्न केला नाही असे नाही. कोकणात मिरची विकावयास गेले ते लोकांवर विश्वास टाकून रिकाम्या हाताने परतले, वाटेत एका ठकाने सोन्याचा मुलामा दिलेले पितळेचे कडे गळ्यात मारले, अशा कथा महिपतीबुवांनी दिल्या आहेत. गावाने त्यांची चेष्टा केली. घरी आवलीचे बोल ऐकावे लागले. त्यात तिचा तरी काय दोष? चूल तिला पेटवायची होती आणि पोरांच्या तोंडात घास तिला घालायचा होता.

खतपत्रे इंद्रायणीत

मन विटले तेव्हा तुकोबा देहूजवळच्या भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. अनेक दिवस ते एकान्तात चिंतन करीत होते. शेवटी कान्होबा शोधीत तेथे पोहोचले आणि दोघे बंधू इंद्रायणीकाठी आले. येथे जी घटना घडली ती सर्वांना ठाऊक आहे. तुकोबांनी घरातील कर्जाची खतपत्रे आणवून ती नदीत सोडली. लोकांकडून येणे असलेली रक्कम त्यांनी स्वहस्ते बुडवली.

ही गोष्ट सांगताना आपण बहुधा निम्मी सांगतो. कान्होबा म्हणाले, दादा, तुमचे मन उडाले आहे, पण मला संसार आहे, मुलाबाळांचे पाहावयाचे आहे. तेव्हा तुकोबांनी खतपत्रांचे दोन भाग केले. कान्होबांचा भाग त्यांच्या हवाली केला आणि केवळ आपल्या वाट्याची खते पाण्यात सोडली. देवावर विश्वास टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले उचलून दान करणे नव्हे, हा विवेक त्या दुःखाच्या घडीलाही त्यांनी सोडला नाही. आपल्या वाट्याची सुरक्षितता त्यांनी स्वखुशीने सोडली, भावाच्या वाट्याला हात लावला नाही.

आणखी एक विचार मनात येतो. त्या खतांवर ज्या कुळांची नावे होती तेही दुष्काळाने मोडलेलेच लोक होते. सावकाराच्या दारावरून जाताना मान खाली घालणारे. आपल्या मनाची लाज काय असते हे तुकोबांना कळून चुकले होते. म्हणून त्यांनी इतरांची लाज नदीत बुडवली. स्वतःचे दुःख पुरते भोगलेल्या माणसालाच हे सुचते.

हातांना लागलेले काम

यानंतर आपल्या आजच्या प्रसंगाशी निगडित असलेला भाग येतो. पूर्वजांनी उभारलेले विठ्ठलाचे देऊळ पडझडीस आले होते. ते दुरुस्त करावे असे आपल्या चित्तात आले, असे तुकोबा सांगतात. त्यांच्या जीवनाच्या वळणावर त्यांनी नोंदवलेले पहिले कार्य हेच आहे. अजून गुरूपदेश झाला नव्हता. कवित्व स्फुरले नव्हते. कोणी त्यांना संत म्हणत नव्हते. गावाच्या दृष्टीने तो एक दिवाळे निघालेला वाणी होता.

परंपरा सांगते की त्यांनी स्वतः दगड वाहिले, माती कालवली आणि भिंती उचलल्या. द्रव्यबळ नव्हतेच, तेव्हा अंगमेहनत हेच भांडवल. हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. कालचा महाजन आज उघड्या अंगाने चिखल तुडवीत आहे आणि रस्त्याने जाणारे पाहत आहेत. ज्याला लोकांची लाज वाटत होती त्याने लोकांच्या डोळ्यांदेखत असे काम पत्करावे, यात फार मोठा अर्थ आहे. मी कोण, माझी किंमत काय, हा प्रश्न रात्रंदिवस उगाळून त्यांना उत्तर मिळाले नाही. भिंत पडली आहे, ती उभी करावयाची आहे, हा प्रश्न मात्र साधा होता आणि त्याचे उत्तर दोन हातांत होते.

मन खचलेल्या माणसाला आपण उपदेश करतो की धीर धर, देवावर विश्वास ठेव. उपदेश खोटा नसतो, पण नुसत्या शब्दांनी तो विश्वास मनात उतरत नाही. तुकोबांच्या बाबतीत तो हातांतून मनात उतरला असे दिसते. प्रथम देवाचे काम, मग देवाचे नाव, आणि त्यानंतर देवाविषयीची निश्चिती, असा तो क्रम आहे. देऊळ नीट होता होता माणूसही नीट होत गेला.

मागे उभे राहून

देवळात एकादशीचे कीर्तन सुरू झाले. येथेही तुकोबा पुढे उभे राहिले नाहीत. आरंभी अभ्यासात आपले चित्त नव्हते, अशी कबुली त्यांनी दिली आहे. म्हणून त्यांनी पूर्वीच्या संतांची काही वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ यांची वाणी ही त्यांची शाळा झाली. कोणी पुढे गात असेल तर आपण त्याच्या मागे राहून ध्रुपद धरावे, असा त्यांचा परिपाठ होता.

आपल्याकडे सप्ताहात कीर्तन होते तेव्हा बुवांच्या मागे टाळकऱ्यांची रांग असते. त्यात एखादा नवखा मुलगा असतो. त्याला चाल पुरती येत नसते, टाळ चुकतो, पण सगळ्यांच्या आवाजात त्याचा आवाज मिसळून जातो आणि तो निभावून नेतो. तुकोबांनी आरंभ त्या जागेवरून केला. एकट्याने गाण्याचे धैर्य नसेल तर दहाजणांत गावे. स्वतःचे शब्द नसतील तर संतांचे घ्यावे. वारकरी संप्रदायाची ही केवढी मोठी सोय आहे! येथे कोणाला विद्वत्तेची परीक्षा देऊन आत यावे लागत नाही. संतांचे चरणतीर्थ घेताना मनात लाज येऊ दिली नाही, जमेल तेवढा परोपकार शरीर कष्टवून केला, लोकांच्या बोलण्याकडे पाहिले नाही आणि खऱ्याखोट्याचा निवाडा आपल्या मनाच्या साक्षीने केला, असेही ते पुढे सांगतात. दिवाळ्याच्या वेळी ज्या लाजेने त्यांना घरात कोंडले होते, ती लाज येथे गळून पडलेली दिसते.

पुढे स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी अनुग्रह देऊन रामकृष्णहरि हा मंत्र दिला. त्यानंतर नामदेवराय पांडुरंगासह स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करण्याची आज्ञा केली. आपल्याकडून हे होईल असे तुकोबांना स्वतःहून वाटले नव्हते. नामदेवांचे अपुरे राहिलेले काम पुरे करावयाचे आहे, ही जबाबदारी वरून आली आणि त्यांनी ती विठ्ठलाच्या भरवशावर घेतली. आपल्या बोलण्याचे श्रेय त्यांनी सर्वत्र देवाला दिले आहे. बोलविता धनी वेगळा आहे, ही एकदा खात्री झाली की स्वतःच्या कमीपणाची भीती पुष्कळशी कमी होते. गडी कामाला नवा असला तरी मालक जुना आणि जाणता आहे, हा तो भरवसा.

परीक्षा

आता अडचणी संपल्या असे आपल्याला वाटेल, पण तसे झाले नाही. कुणबी जातीच्या माणसाने प्राकृतात धर्माचा अर्थ सांगावा, ब्राह्मणांनी त्याच्या पाया पडावे, हे अनेकांना रुचले नाही. वाघोलीचे रामेश्वरभट्ट हे शास्त्री पुरुष. त्यांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवण्याची पाळी तुकोबांवर आली. ज्या नदीत एकदा स्वखुशीने खतपत्रे सोडली, तिच्यातच या वेळी प्राणापलीकडच्या वह्या नाइलाजाने सोडाव्या लागल्या. गाव उलटले होते. आता जावे कोठे आणि राहावे कोणाच्या आधाराने, अशी कासाविशी त्यांच्या त्या काळच्या अभंगांत उमटली आहे.

निषेधाचा आघात झाला त्याने मन दुखावले, हे त्यांनी लपवले नाही. इतकी वर्षे साधना करूनही माणूस दुखावतो, डळमळतो, हे येथे ध्यानात घ्यावे. जुनी शंका पुन्हा उभी राहिली असेल. आपण लिहिले ते खरोखर देवाचे होते, की आपलाच भ्रम? तुकोबा देवाच्या दारी धरणे धरून बसले. अन्नपाण्यावाचून तेरा दिवस ते शिळेवर पडून राहिले, असे परंपरा सांगते. त्यांनी भक्तीने देवाची विनवणी केली तशी हक्काने भांडणेही केली. देवाला निष्ठुर म्हटले, उणेदुणे काढले. स्वतःलाही त्यांनी सोडले नाही. आपले अवगुण मोजून दाखवणारे त्यांचे किती तरी अभंग गाथेत आहेत. मनातली धास्ती त्यांनी जगापुढे फुशारकीने झाकली नाही आणि एकट्याने कुढतही बसले नाहीत. ती जशीच्या तशी विठ्ठलापुढे मांडली. देवावरचा विश्वास म्हणजे शंकाच न येणे, असे आपण मानतो. तुकोबांचा विश्वास असा होता की शंका आली तर तीही देवालाच सांगायची.

वह्या पाण्यावर कोरड्या आल्या, अशी सांप्रदायिकांची श्रद्धा आहे आणि नारायणाने आपले समाधान केले, असे तुकोबांचे शब्दही त्याला आधार देतात. काही अभ्यासक म्हणतात की अभंग लोकांच्या मुखी होते, त्यांनी ते पुन्हा जमवले. कसेही घ्या, नदीला ते बुडवता आले नाहीत. संताजी जगनाडे आणि गंगाजीपंत मवाळ यांच्यासारख्या टाळकऱ्यांनी अभंग लिहून ठेवले. पुढे १८६९ आणि १८७३ साली मुंबई सरकारच्या साह्याने गाथेचे दोन भाग छापून निघाले. आज साडेचार हजारांहून अधिक अभंगांची गाथा घरोघरी आहे आणि देहूला इंद्रायणीकाठीच गाथामंदिराच्या भिंतींवर ते अभंग कोरलेले आहेत.

रामेश्वरभट्टांचे काय झाले? ते तुकोबांचे शिष्य झाले. कीर्तनाच्या शेवटी आपण टाळांच्या गजरात तुकोबांची आरती म्हणतो ती या रामेश्वरभट्टांचीच रचना आहे. विरोध करणारा माणूस आरती करणारा झाला. तुकोबांनी त्यांच्याशी वाद घालून जय मिळवला नव्हता. ते आपल्या देवाच्या दारी बसून राहिले होते, इतकेच.

दूरच्या एका बाईला मिळालेला आधार

एक माणूस उभा राहिला म्हणजे त्याच्या आधाराने किती जण उभे राहतात याला हिशेब नाही. एकच उदाहरण देतो. आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वेरूळच्या परिसरात देवगाव येथे जन्मलेल्या संत बहिणाबाई. अगदी लहान वयात पुष्कळ मोठ्या वयाच्या बिजवराशी त्यांचे लग्न झाले. घरच्या तंट्यामुळे गाव सोडून कुटुंब फिरत फिरत कोल्हापूरला आले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले आणि मनाला ध्यास लागला. ब्राह्मणाच्या बायकोने कुणब्याला गुरू मानावे हे पतीला सहन होईना. त्याने मारहाण केली. ज्ञानाचा अधिकार स्त्रीला नाही, असे ज्या काळी ठासून सांगितले जाई त्या काळातील ही कोवळ्या वयाची मुलगी. तिने स्वतःला कमी लेखावे अशीच सर्व परिस्थिती होती.

तरी त्यांचा भाव ढळला नाही. तुकोबांनी स्वप्नात दर्शन देऊन अनुग्रह दिला, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. पुढे पती आजारी पडला, त्याच्या मनाला पश्चात्ताप झाला आणि ते कुटुंब देहूला आले. तुकोबांनी सावरलेल्या त्या देवळात बहिणाबाईंनी त्यांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकले. तेथेही मंबाजी गोसाव्याचा छळ चुकला नाही. पण आता त्यांना बळ आले होते. त्यांनी अभंगांतून आपले सविस्तर आत्मचरित्र सांगितले, शिष्यपरंपरा मागे ठेवली आणि १७०० साली देह ठेवला. वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे त्यांची समाधी आहे. दिवाळे निघालेल्या एका वाण्याने चिखलमातीचे हात करून जे देऊळ उभे केले, त्याच्या सावलीत मार खाल्लेली एक बाई येऊन निर्भयपणे बसली. जीर्णोद्धाराचे पुण्य ते हेच.

आपल्यापुरते

गावकरी बंधुभगिनींनो, ही कथा जुनी असली तरी तिच्यातले दुःख जुने झालेले नाही. गेल्या काही दशकांत आपल्या महाराष्ट्रात कर्जापायी किती शेतकऱ्यांनी जीव दिला हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो, काहींनी जवळून पाहिलेही असेल. पैशाची तूट हे एक कारण असते. पण त्याच्या जोडीला असते ती लाज. सोसायटीचे हप्ते थकले, मुलीचे लग्न लांबले, आता लोकांत कसे जावे? परीक्षेत नापास झालेला मुलगा, शहरातली नोकरी सुटून परतलेला तरुण, सासरहून माघारी आलेली लेक, यांच्याही मनात हाच काटा असतो. असा माणूस पहिल्याने काय टाळतो? तो देवळात यायचे टाळतो, कारण तेथे चार माणसे भेटतात.

या संदर्भात मनातली एक गोष्ट लिहितो. मंदिराच्या भिंतीवर देणगीदारांची नावे कोरली जातील. ज्यांनी मोठ्या रकमा दिल्या त्यांचे उपकार गाव विसरणार नाही. पण ज्यांना वर्गणी देता आली नाही म्हणून जे सभेलाही आले नाहीत, कलशारोहणालाही दुरूनच हात जोडतील, त्यांनी तुकोबांचे हे चरित्र अवश्य आठवावे. देहूचे देऊळ ज्याने सावरले त्याचे नाव त्या दिवशी गावच्या कोणत्याही मानाच्या यादीत बसले नसते.

देव कर्ज फेडतो असे मी सांगत नाही. तुकोबांचेही त्याने फेडले नाही. बायको परत आली नाही, मुलगा परत आला नाही, पेढी पुन्हा उभी राहिली नाही. बँकेत, सरकारदरबारी, दवाखान्यात जे उपाय करावयाचे ते केलेच पाहिजेत. देवावरच्या विश्वासाने त्यांना मिळाले ते वेगळे होते. आपली किंमत बाजारावर अवलंबून नाही, हे त्यांना उमगले. गावाने टाकले तरी विठ्ठल टाकीत नाही, विटेवर तो उभाच आहे, या एका खुंटीला त्यांनी आपले मन बांधले. मग त्या मनाला वादळे लागली, पण ते उपटले गेले नाही. पुढे तर दुष्काळाने संसाराचा पाश सोडवला याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले.

म्हणून नव्या सभामंडपात एक रीत आपण पाळू या. एकादशीला भजन होईल तेव्हा मागच्या ओळीत जागा मोकळी ठेवावी. कोणी संकोचाने दाराशी उभा असेल तर त्याला हाक मारून आत घ्यावे, हातात टाळ द्यावा. तुझे कसे चालले आहे, असे चारचौघांत विचारून त्याला ओशाळे करू नये. त्याला झाडलोटीचे, पाणी भरण्याचे, समई उजळण्याचे काही काम सांगावे. ज्याच्या हाताला देवाचे काम लागले त्याला आपण निरुपयोगी आहोत असे फार दिवस वाटत नाही. तुकोबांनी हा उपाय स्वतःवर करून पाहिलेला आहे.

भागवत धर्माच्या मंदिराचे एक रूपक बहिणाबाईंच्या नावे प्रसिद्ध आहे. त्यात पायाचा मान ज्ञानदेवांना आणि कळसाचा मान तुकोबांना आहे. येत्या मुहूर्तावर आपल्या मंदिराचा कळस चढेल, सूर्याच्या उन्हात तो झळकेल, तेव्हा सर्वांच्या माना वर होतील. त्या क्षणी एवढे स्मरावे की ज्यांना आपण कळस म्हणतो त्यांनी आरंभ पडक्या भिंतीची माती कालवून केला होता. आपल्या गावातील प्रत्येक खचलेल्या मनाला या मंदिरात उभे राहण्याचे बळ मिळो, हीच पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना.

रामकृष्णहरि.